नभोवाणी-निवेदकांचे प्रशिक्षण

सार्वजनिक नभोवाणी केंद्रांवरील निवेदक, वृत्तनिवेदक व मुलाखतकार यांना उच्चारण, आवाजाचा वापर, संहितालेखन आणि श्रोत्यांशी संवाद साधण्याची रीत यांसंबंधी देण्यात येणारे शिक्षण. नटाला हावभाव, नेपथ्य व प्रकाशयोजना यांचे साहाय्य असते. निवेदकाजवळ केवळ आवाज असतो आणि श्रोत्याची प्रतिक्रियाही त्याला तत्काळ कळत नाही. म्हणून नभोवाणीच्या आरंभकाळापासूनच अशा शिक्षणाची गरज भासली. ‘शुद्ध कसे बोलावे’ या प्रश्नाकडून ‘कोणाशी बोलावे’ या प्रश्नाकडे झालेले संक्रमण त्याच्या इतिहासात दिसते.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९२६ साली बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसंबंधी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस (१८४४–१९३०) हे तिचे पहिले अध्यक्ष असून त्यांच्यानंतर नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) यांनी ते पद भूषविले. समितीचे चिटणीस व ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर लॉइड जेम्स हे निवेदकांना उच्चारांविषयी मार्गदर्शन करीत. उच्चारांत एकवाक्यता यावी, हा समितीचा हेतू होता; परंतु त्यामुळे दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाच्या उच्चारांना प्रमाणत्व लाभले व प्रादेशिक बोली मागे पडल्या. १९४१ मध्ये यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स यांनी राष्ट्रीय बातमीपत्र वाचण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्या प्रादेशिक उच्चारांवर अनेक श्रोत्यांनी आक्षेप घेतले.

त्याच संस्थेतील भाषणविभागाच्या पहिल्या संचालिका हिल्डा मॅथेसन (१८८८–१९४०) यांची दृष्टी वेगळी होती. नभोवाणीवरील भाषण हे सभेतील व्याख्यान किंवा निबंधवाचन नव्हे, तर घरात बसलेल्या एका व्यक्तीशी केलेले बोलणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी संहिता बोलभाषेला अनुरूप करून घेणे व ध्वनिक्षेपणापूर्वी तालीम घेणे यांवर त्यांनी भर दिला. अमेरिकेत १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’नेही संभाषणात्मक शैलीच स्वीकारली. कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीतील प्रशिक्षक डेव्हिड कँडो यांनी पुढे तेथील निवेदकांना मार्गदर्शन केले.

भारतात मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. मात्र आकाशवाणीची कर्मचारी-प्रशिक्षण संस्था दिल्ली येथे १९४८ मध्ये स्थापन झाली. येथे निवेदकास आपल्या भाषेच्या लेखनात न दिसणारे भेदही जाणावे लागतात. उदा., ‘जरा’ हा शब्द वार्धक्य या अर्थी तालव्य, तर थोडे या अर्थी दंततालव्य ‘ज’ने उच्चारला जातो, मराठी लिपीत मात्र दोन्ही सारखेच लिहिले जातात. पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सु. १५० खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मंडळांनी चर्चा करून पाठविलेल्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. श्रोत्याचे म्हणणे ऐकून घेणे हाही निवेदनाचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात श्वासनियंत्रण, ध्वनिग्राहकापासूनचे अंतर, महाप्राण वर्णांच्या उच्चाराने होणारा फूत्कार टाळणे, लांब वाक्यांचे खंड पाडणे, आकडे सुटसुटीत करून सांगणे व अर्थानुसार विराम घेणे यांचा सराव करून घेतात. छापील मजकुरात वाचकाला मागे वळून पाहता येते. श्रोत्याला ती सोय नसल्याने वाक्य एकदाच ऐकून कळणे आवश्यक असते. स्वतःचे ध्वनिमुद्रण प्रशिक्षकासमवेत ऐकून दोष शोधणे, ही यातील सर्वांत उपयुक्त पद्धती होय.

प्रशिक्षणाचा अतिरेक झाल्यास सर्व आवाज एकाच साच्याचे व कृत्रिम होण्याचा धोका असतो. सार्वजनिक नभोवाणी जनतेच्या पैशावर चालते. त्यामुळे तिच्यावरून कोणाची बोली प्रतिष्ठित ठरते, हा केवळ उच्चारशुद्धीचा प्रश्न राहत नाही. स्पष्टता राखूनही निवेदकाचे मूळ बोलणे पुसले जाऊ न देणे, हे प्रशिक्षकाचे खरे कौशल्य मानले जाते.