खड्याला सोसेल तेवढी आच

मराठीत मणी म्हणजे काचेचा दाणाही आणि नागाच्या डोक्यावरचे रत्नही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक व्याकरणकारांनी सांभाळावा, बोलण्यात तो राहत नाही. याच शब्दावरून मणिकार झाला, उत्तरेत त्याचा मनिहार झाला आणि आपल्याकडे मण्यार, मणियार, मणेर अशी आडनावे रूढ झाली. हे आडनाव आपल्यापैकी कोणाच्या घरात नसले तरी सोयरिकीत हमखास सापडते. गावोगाव फिरून लेकीसुनांचे हात भरणारा मण्यार, एवढीच त्याची ओळख आता शिल्लक आहे. पण त्याचे नाव बांगडीवरून पडलेले नाही, मण्यावरून पडले आहे, हे आपण विसरून गेलो.

मग एक साधा प्रश्न पडतो. एका शब्दात नांदणाऱ्या या दोन वस्तू कारागिराच्या हातून एकत्र का आल्या नाहीत? काचेचा मणी वळवतानाच त्यात लखलखता खडा का बसवला गेला नाही? हौसेचा अभाव नव्हता, पैशाचाही नव्हता. अडचण आचेची होती.

काच हाताला वळायची तर ती आठशे-नऊशे अंश सेल्सियसच्या पुढे तापवावी लागते. एवढ्या उष्णतेत हवेतला हिरा जळू लागतो, कारण तो शेवटी कोळशाचाच सख्खा भाऊ. मोती आणि फिरोजा तर त्याच्या कितीतरी आधी हातचे जातात. पाचूच्या अंगात जन्मतःच बारीक चिरा असतात, त्या आचेने उकलतात. माणिक वितळत नाही, त्याला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. पण खरी परीक्षा थंड होताना असते. तापलेली काच निवताना आकसते, खडाही आकसतो. दोघांचे आकसणे सारखे नसेल तर मणी तडकतो. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी डबीत ठेवल्या ठेवल्या.

आपल्या मुलखातल्या कारागिरांनी यावर दोन वाटा काढल्या. एक म्हणजे आच कमी करणे, दुसरी म्हणजे आच टाळणे.

आच टाळण्याची वाट कुंदनाची. बादशहा अकबराच्या कारकिर्दीत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिले, त्यात या कामाचे वर्णन आहे. सोने इतके शुद्ध करायचे की ते हाताच्या दाबाने मेणासारखे वळावे. अशा सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेने पोलादी हत्याराने दाबत गेले की त्या विस्तवाशिवाय एकमेकींत मिसळून जातात. डाग देणे नाही, भट्टी नाही. म्हणून तर यशबाच्या प्याल्यात आणि बिल्लोरच्या भांड्यात माणिक-पाचू बसवता आले. ज्या वस्तू तापवल्या तर फुटल्याच असत्या, त्यांवर वेलबुट्ट्या फुलल्या. खड्याच्या खाली चमकदार पत्रा घालायचा, त्याला डाक म्हणत. त्यामुळे मागून बंद असलेल्या खड्यातूनही उजेड परत फिरून येई.

याच ग्रंथात जरनिशान, मीनाकार, कोफ्तगार अशा कारागिरांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांच्या मजुरीचे दरही दिले आहेत. चित्रकारांची आणि खुशनवीसांची नावे अबुल फजल मोठ्या आदराने घेतो. जडावकाम करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र दर आला, नाव आले नाही. आज जगभरच्या संग्रहालयांत या वस्तूंपुढे बादशहाची किंवा घराण्याची पाटी असते. आम्हांला मुघलांचा अभिमान मिरवण्याची फार सवय आहे. प्याला कोणी प्यायला यापेक्षा तो कोणी घडवला, हे विचारण्याची सवय कमी आहे.

दुसरी वाट लाखेची, आणि ती आपल्या अधिक जवळची. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर किड्यांनी केलेला राळेसारखा स्राव. कोळशाच्या शेगडीवर थोडी धरली की ती मऊ होते. शंभर अंशांचीही गरज नाही. मऊ लाखेची बांगडी वळायची, खडे चिमट्याने उचलून तिच्या अंगात दाबायचे, निवली की खडा पक्का. ही आच काचेच्या खड्यालाही सोसते आणि आरशाच्या तुकड्यालाही. जयपुरात या कामाची गल्लीच आहे, मनिहारों का रास्ता. दक्षिणेत हैदराबादला चारमिनारच्या (1591) पायथ्याशी लाड बाजारात पिढ्यानपिढ्या हेच चालत आले. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उशीर झाला, पण मिळाले.

खुद्द महाराष्ट्रात काचेचे काम किती जुने आहे याचे पुरावे जमिनीत आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तिथे बहामनी काळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास 1969 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. बहामनी म्हटले की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. त्या काळातल्या बायकांच्या हातांत काय किणकिणत होते, हे या तुकड्यांनी सांगितले. आणि काळी पोत? तो तर काचेचाच मणी. दख्खनी मुसलमान नवरीच्या गळ्यातला काळ्या पोतीचा लच्छा आणि शेजारच्या घरातले मंगळसूत्र एकाच दाण्याचे. यावर भांडणाऱ्यांनी आधी तो दाणा हातात घेऊन पाहावा.

काचेच्या पोटात खडा घालण्याचे जुने कोडे सुटले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1973 च्या सुमारास क्युबिक झिरकोनियाचे स्फटिक तयार करण्याची रीत पक्की केली. 1976 पासून ते व्यापारी प्रमाणात निघू लागले. आपल्या बाजारात याच खड्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात. जन्म रशियाचा, नाव अमेरिकेचे. बाजाराला इतिहासाचे सोयरसुतक नसते. हा खडा वितळायला सुमारे 2750 अंश लागतात. शिवाय तापल्यावर पसरणे आणि निवताना आकसणे याबाबतीत तो नेहमीच्या काचेच्या बराच जवळ आहे. म्हणजे जे माणकाला जमले नाही ते या नकली हिऱ्याला जमले.

रीत दिसायला सोपी आहे. सळईवर मातीचा लेप देऊन ज्योतीत तिच्याभोवती काच गुंडाळायची. मणी गोल झाला की चिमट्यात धरलेला खडा ज्योतीच्या कडेला आधी तापवून घ्यायचा, कारण थंड खडा लावला तर मणीच दगा देतो. मग मऊ काचेत तो कंबरेपर्यंत दाबायचा आणि मणी सुमारे पाचशे अंशांवर ठेवून अगदी सावकाश निववायचा. खडा काचेत पूर्ण बुडवला तर त्याची चमक मरते, कारण त्याची चमक भोवती हवा असण्यावर अवलंबून असते. खालच्या बाजूला काच चिकटते तिथेही उजेड निसटतोच. जुने जडावकार डाक का घालत, ते इथे कळते.

युरोप-अमेरिकेत असे मणी घडवणारा आपल्या कामाखाली स्वतःचे नाव घालतो आणि त्याप्रमाणे किंमत घेतो. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 1996 रोजी बालमजुरीवर निकाल दिला, त्यात देशातल्या काही उद्योगांची नावे घेतली. त्या यादीत सुरतेचे हिरे पॉलिश, जयपूरचे रत्न पॉलिश आणि फिरोजाबादची काच, तिन्ही आहेत. रत्न आणि काच शेजारी आली ती अशी. मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत, असा तो आदेश होता. त्याच महिन्याच्या 30 तारखेला ताजमहालाच्या रक्षणासाठी दुसरा निकाल आला. त्या परिसरातल्या कारखान्यांना, त्यात फिरोजाबादच्या भट्ट्याही आल्या, कोळसा सोडून गॅसकडे वळावे लागले. संगमरवराची काळजी आणि पोरांची काळजी एका महिन्यात, वीस दिवसांच्या अंतराने.

2016 मध्ये कायदा आणखी कडक झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांची बंदी झाली. त्यातला एक अपवाद शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याचा. धोक्याचे म्हणून ठरवलेले काम त्यातही चालत नाही. पण धोका कोणता आणि मदत कोणती, हे घराच्या उंबऱ्याआत कोण मोजणार? फिरोजाबादेत बांगडीची टोके ज्योतीवर जुळवण्याचे, खडे चिकटवण्याचे काम कारखान्यात कमी आणि घराघरांत जास्त चालते.