नदीपलीकडचा येरवडा

शहराचा इतिहास लिहिणारे बहुधा त्या शहराच्या मध्यभागीं उभे राहून लिहितात. पुण्याचें वर्णन करावयाचें म्हणजे कसबा, शनिवारवाडा, पर्वती येथून आरंभ करावयाचा आणि पेठांच्या वेशीपाशीं लेखणी खालीं ठेवावयाची, असा जणूं प्रघातच पडून गेला आहे. नदीपलीकडचीं उपनगरें त्या इतिहासांत आलींच तर पुरवणीदाखल येतात. येरवड्याकडे थोडें लक्षपूर्वक पाहिलें, म्हणजे हा प्रघात किती अपुरा आहे हें आपल्या ध्यानांत येतें.

प्रथम भूगोल पाहूं. मुळा व मुठा यांचा संगम झाल्यावर त्यांचा एकवटलेला प्रवाह मुळामुठा या नांवानें पूर्वेकडे जातो व पुढें भीमेस मिळतो. जुनें शहर मुठेच्या उजव्या तीरावर वाढलें. इंग्रजांचें लष्कर त्याच्या पूर्वेस वसलें. आणि येरवडा राहिला मुळामुठेच्या डाव्या तीरावर. सह्याद्रींत पाऊस कोसळूं लागला कीं या नदीला लोंढा येतो. म्हणजे येरवडा शहरापासून कोसांच्या हिशेबानें जवळ, पण पाण्याच्या हिशेबानें दूर होता. त्याचें पुढील सारें भवितव्य या एका गोष्टीनें ठरविलें असें आम्हांस वाटतें.

गेल्या शतकाच्या मागील शतकांत, १८५० च्या सुमारास, सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साह्यानें येथें नदीवर बंधारा झाला. ‘बंडगार्डन’ हें नांव त्या बंधाऱ्यावरूनच पडलें. १८६७ ते १८६९ या अवधींत, तेव्हांचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नांवाचा, सिंहांच्या पुतळ्यांनीं शोभणारा दगडी पूल बांधला गेला. याच सुमारास पलीकडच्या काठावर ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांची जात पाहण्याजोगी आहे. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांतील संस्कृत पाठशाळेच्या रूपानें जन्मलेलें विद्यालय १८६८ सालीं पलीकडच्या नव्या इमारतींत गेलें व डेक्कन कॉलेज झालें. १८७१ च्या सुमारास तुरुंग आला. पुढें वेड्यांचें इस्पितळही आलें. विद्यार्थी, बंदिवान आणि मनोरुग्ण! या तिघांत साम्य एवढेंच, कीं त्यांना गजबजाटापासून निराळें ठेवावें असें राज्यकर्त्यांस वाटलें. निराळें ठेवण्यास नदीसारखी आयती भिंत कोठें मिळणार?

परंतु भिंतीपलीकडे ठेवलेलें कांहीं तेथेंच राहिलें नाहीं. डेक्कन कॉलेजांत टिळक शिकले व १८७६ सालीं पदवीधर झाले. तेथेंच त्यांची व आगरकरांची मैत्री जुळली, आणि नव्या शाळेचे, वर्तमानपत्रांचे व कॉलेजाचे मनसुबे पुढें शहरांत येऊन साकार झाले. १८९७ सालीं राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर तेच टिळक आपल्या कारावासाचा कांहीं काळ त्याच तीरावरच्या तुरुंगांत होते. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदर चापेकरांस फांशी झाली तीही याच तुरुंगांत. कॉलेजापासून तुरुंगापर्यंतचें अंतर फारसें नाहीं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनानें मात्र तें अवघ्या वीस-बावीस वर्षांत कापलें.

पुढें गांधीजी १९२२ पासून वारंवार या तुरुंगांत आले. येथें त्यांनीं सूत कातलें, व्रतांवर पत्रें लिहिलीं, आणि तुरुंगास ‘येरवडा मंदिर’ म्हटलें. २० सप्टेंबर १९३२ रोजीं त्यांनीं येथेंच प्राणांतिक उपवास आरंभिला. अस्पृश्य वर्गास दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांस त्यांचा विरोध होता. डॉ. आंबेडकरांपुढें एकीकडे आपल्या लोकांचा हक्क आणि दुसरीकडे एका माणसाचे प्राण अशी तुला उभी राहिली. २४ सप्टेंबरला करार झाला. मतदारसंघ संयुक्त राहिले, आणि प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. पुढें आंबेडकरांनींच या कराराची कठोर चिकित्सा केली, आणि तो वाद अजून मिटलेला नाहीं. आम्हांस येथें एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांचा प्रश्न शहरानें नदीबाहेर ठेवलेल्या जागीं ऐरणीवर आला. ज्यास आपण दूर लोटतों, तेंच एके दिवशीं आपला जाब विचारतें.

दहा वर्षांनीं हाच काठ पुन्हां इतिहासांत आला. सर सुलतान महंमदशहा आगाखान यांनीं १८९२ सालीं बांधविलेला नगर रस्त्यावरचा महाल १९४२ सालीं तुरुंग झाला. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं महादेवभाई देसाई व २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा येथेंच निवर्तल्या; दोघांच्याही समाध्या त्या आवारांत आहेत.

बंद पडलेलें डेक्कन कॉलेज १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें; सांकळिया व इरावती कर्वे यांनीं तेथें आपलें आयुष्यभराचें काम केलें. आज येरवडा दूर राहिलेला नाहीं. नदीवर नवे पूल झाले, शहर लोहगांवच्या विमानतळापर्यंत पसरलें, आणि नदी ओलांडणाऱ्यास आपण नदी ओलांडली याचें भानही राहत नाहीं. नदीची आठवण होते ती तिच्या दुर्गंधीमुळें. पूर्वीं शहर आपलीं नकोशीं माणसें नदीपलीकडे धाडी. आतां नकोसें पाणी नदींतच सोडतें. वृत्ति तीच राहिली आहे, आणि तिचा जाब आज ना उद्यां द्यावाच लागेल.

म्हणून आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंती, कीं मुलांस शनिवारवाडा दाखविला म्हणजे पुणें दाखवून झालें असें समजूं नये. एखाद्या रविवारीं त्यांस पुलावर न्यावें, खालचें पाणी दाखवावें, आणि पलीकडे कोण कोण राहिलें व कां राहिलें, हें सांगावें.