पेयांतील सल्फाइटचे मापन : अल्पखर्ची विद्युतरासायनिक पद्धतींची वाटचाल

वाइन व फळांचे रस टिकविण्यासाठी सल्फर डायऑक्साइड आणि सल्फाइट क्षारांचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. तथापि, दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट बाधते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ साली दशलक्ष भागांत १० वा त्याहून अधिक भाग सल्फाइट असलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तशी नोंद सक्तीची केली. अशी मर्यादा प्रत्यक्षात पाळली जाते की नाही, हे मात्र मापनपद्धतीच्या सुलभतेवर अवलंबून असते.

रिपर यांनी १८९२ साली रूढ केलेल्या पद्धतीत आयोडीनचे अनुमापन करून स्टार्चचा निळा रंग दिसताच अंत्यबिंदू मानला जाई. तांबड्या वाइनमध्ये हा रंग ओळखणे कठीण होते. १९२६ साली फाउल्क व बॉडन यांनी आयोडीनच्या अनुमापनासाठी दोन प्लॅटिनम अग्रांमध्ये अल्प विद्युतदाब देण्याची युक्ती मांडली. द्रावणात मुक्त आयोडीन उरताच गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो. रंगाची अडचण उरत नाही. दोन तारा, एक विद्युतघट व एक काटा एवढ्यावर हे साधले. परंतु क जीवनसत्त्व व पॉलिफिनॉलेही आयोडीन शोषतात. काट्याला हा भेद कळत नाही.

भेद ओळखण्याचा मार्ग हेयरोव्ह्स्की यांनी १९२२ साली प्राग येथे पाऱ्याच्या थेंबांच्या विद्युतअग्राने दाखविला. प्रत्येक पदार्थाचे क्षपण ठरावीक विद्युतदाबाला होते, हे पोलॅरोग्राफीचे तत्त्व. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र विषारी पारा प्रयोगशाळेबाहेर नेणे सोयीचे नव्हते.

१९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी एंझाइम व विद्युतअग्र यांची सांगड घातली. पुढे याच तत्त्वावर सल्फाइट ऑक्सिडेज वापरले गेले. हे एंझाइम सल्फाइटचे सल्फेट करताना हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते व त्याचा प्रवाह मोजता येतो. ग्लुकोजमापकांमुळे छापील कार्बनपट्ट्या स्वस्त झाल्या आणि ही पद्धतही आटोक्यात आली. तरीही एंझाइम चोखंदळ असले, तरी अग्र तसे नसते. क जीवनसत्त्व तेथेही प्रवाह देते. त्यामुळे नमुन्याची पूर्वप्रक्रिया वा संरक्षक पटल आवश्यक ठरते.

सारांश, उपकरण स्वस्त होणे आणि विश्वसनीय निष्कर्ष स्वस्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट १९२६ सालीच बऱ्याच अंशी साध्य झाली होती. दुसरीसाठीचे प्रयत्न हाच या पद्धतींचा पुढील इतिहास होय.