स्मगलेरियस: कातडीखालचा माणूस

आजचा भाग थोडा अंगावर येणारा आहे. जेवता जेवता ऐकत असाल, तर आधी जेवण उरकून घ्या.

आज जायचंय लंडनला, १७६८ सालात. त्या वर्षी तिथे रॉयल अकॅडमी सुरू झाली आणि तिच्यासोबत चित्रकार-शिल्पकार घडवणारी शाळासुद्धा. गंमत बघा, या शाळेच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक जण चित्रकार नव्हताच. तो होता डॉक्टर विल्यम हंटर, त्या काळातला नावाजलेला प्रसूतितज्ज्ञ आणि शरीररचनेचा शिक्षक.

चित्रकलेच्या शाळेत डॉक्टर कशाला? मी आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी पुण्यात फिगर ड्रॉइंगच्या क्लासला जातो. समोर मॉडेल एका पायावर भार देऊन उभा असतो. नवीन माणूस लगेच बाहेरची रेष गिरवायला घेतो आणि कागदावरचा माणूस हवेत तरंगायला लागतो. आमचे सर म्हणतात, "अरे, रेष नंतर. आधी कंबरेचं हाड कुठंय ते सांग." ज्या पायावर भार, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं. मग तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे स्क्रीनवरचं बटण बघून मागचा कोड ओळखायचा, तसलाच प्रकार. हंटर तिथे हा मागचा कोडच उघडून दाखवत होता.

त्यासाठी वापरत एकोर्शे, म्हणजे कातडी काढलेल्या शरीराचा प्लास्टरचा साचा. १७७६ मध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराचं शव हंटरकडे आलं. ते ताठरण्याआधीच त्याला 'मरणारा गॉल' या प्रसिद्ध प्राचीन शिल्पाच्या पोझमध्ये बसवलं, मग कातडी काढली आणि शिल्पकार अगोस्तिनो कार्लिनीने साचा घेतला. मेलेला माणूस स्मगलर होता असा समज होता, म्हणून थट्टेत लॅटिनसारखं वाटणारं नाव पडलं: स्मगलेरियस. संशोधक आजही त्याचं खरं नाव कोणतं यावर वाद घालतात. कितीतरी मुलं त्याच्या पाठीचे स्नायू बघून चित्र काढायला शिकली आणि त्याच्या वाट्याला आलं ते एक टोपणनाव. मला हे जरा खुपतं.

पुढच्या माणसाचं नाव मात्र पक्कं माहीत आहे. जेम्स लेग. सत्तरी ओलांडलेला निवृत्त सैनिक, चेल्सीच्या सैनिकी आश्रमात राहणारा. तिथल्याच एका सोबत्याला त्याने गोळी घातली आणि २ नोव्हेंबर १८०१ रोजी त्याला फाशी झाली. तेव्हाचा कायदा असा होता की खुन्याचं प्रेत थेट पुरायचं नाही. आधी विच्छेदन, नाहीतर साखळदंडात टांगून ठेवणं. मेल्यानंतरचीही शिक्षाच ती.

त्याच वेळी तीन कलाकारांचा एक प्रश्न होता. बेंजामिन वेस्ट, रिचर्ड कॉसवे आणि शिल्पकार थॉमस बँक्स यांना वाटायचं की क्रुसावरच्या येशूची बहुतेक चित्रं शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहेत. शरीराचं सगळं वजन हातांवर आलं की खांदे, छाती, बोटं खरंच कशी दिसतात? सर्जन जोसेफ कार्प्यूने लेगचं शव मिळवलं. ते गरम असतानाच क्रुसाला खिळलं. थंड झाल्यावर बँक्सने एक साचा घेतला, मग कातडी काढून दुसरा. पहिला हरवला. दुसरा टिकला.

इथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. तो साचा शिकायला जबरदस्त आहे: ताणलेले दंड, बरगड्या, सगळं स्पष्ट. आणि लेगला कुणीही विचारलं नव्हतं. आमच्या क्लासच्या मॉडेलला तासाचे पैसे मिळतात, मध्ये ब्रेक असतो, पाय दुखला तर तो सांगतो. आपण "सर, तो हलला!" म्हणून कुरकुरतो ना, तेव्हा लेग आठवावा. तो हलणं शक्यच नव्हतं.

एक उपकथा सांगतोच, कारण ती सुटली तर चिडाल. अकॅडमीच्या संस्थापकांमध्ये दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफानीने अकॅडमीच्या लाइफ क्लासचं चित्र काढलं. पुरुष सदस्य नग्न मॉडेलभोवती जमलेत, हंटरही त्यांत आहे, आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या पोर्ट्रेटमध्ये! संस्था स्वतः स्थापन केली तरी खोलीत प्रवेश नाही. मुलींना लाइफ क्लास मिळायला १८९३ उजाडलं, तोही मॉडेलला थोडंफार झाकून.

हा वारसा मुंबईलाही आला. १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. ते रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकलेले. त्यांनी इथे नग्न मॉडेल समोर ठेवून लाइफ क्लास सुरू केला. रवी जाधवांचा 'न्यूड' बघितला असेल, तर त्या मॉडेल बाईला हे काम घरात का लपवावं लागतं ते आठवत असेल.

लेगचा साचा आणि स्मगलेरियसची प्रत, दोन्ही अजून रॉयल अकॅडमीकडे आहेत. फोटो ऑनलाइन सापडतात. लेगच्या फोटोत आधी हात बघा. चला, भेटू पुढच्या भागात.