पायऱ्या मोजणे म्हणजे प्रगती नव्हे

यंत्रमानवाला आखून दिलेल्या दहा पायऱ्यांपैकी आठ झाल्या की काम ऐंशी टक्के उरकले, असे सर्रास मानले जाते. कारखान्यांतल्या पडद्यांवर सरकणाऱ्या हिरव्या पट्ट्या याच समजुतीवर उभ्या आहेत. ती चुकीची आहे, आणि लहान वर्कशॉपला फार महागात पडते.

मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या अंबरनाथमध्ये, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पाहिलेला प्रसंग सांगतो. यंत्रहात ट्रेमधला जॉब उचलून लेथच्या चकात देत होता. ग्रिपर मिटला की दिवा लागे आणि काउंटर एकाने वाढे. एक तेलकट जॉब निसटून ट्रेमध्येच राहिला. ग्रिपर तरीही मिटला, दिवा लागला, रिकामा हात चकापर्यंत जाऊन आला, आकडाही वाढला. सेटरच्या ते लक्षात आले कानामुळे: टूल धातूला लागल्याचा आवाजच आला नाही.

न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, अशा पुराव्याला सव्यभिचार हेतू म्हणतील. ‘ग्रिपर मिटला’ हा हेतू जॉब हातात असताना आढळतो, तसाच नसतानाही आढळतो. त्यावरून अनुमान उभे राहत नाही.

मंगळावरही हेच घडले. 26 एप्रिल 2005 रोजी ऑपॉर्च्युनिटी या यंत्रगाडीची चाके ठरल्याप्रमाणे फिरत राहिली. चाकांच्या हिशेबाने अंतर कापले जात होते. गाडी मात्र वाळूत रुतून जागीच होती. ती बाहेर काढायला पाच आठवड्यांहून जास्त काळ लागला.

यावर पूर्वपक्ष म्हणतो, मग सेन्सर वाढवा. पण कमतरता सेन्सरची नाही, विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. फाइक्स, हार्ट आणि निल्सन यांनी 1972 मध्येच कॅलिफोर्नियातल्या शेकी या यंत्रमानवासाठी त्रिकोणी तक्ता मांडला होता. किती पायऱ्या झाल्या, हे तो विचारत नाही. उरलेल्या पायऱ्यांनी ध्येय गाठायचे तर आत्ता कोणत्या गोष्टी खऱ्या असायला हव्यात, एवढेच तो प्रत्येक टप्प्यावर तपासतो, आणि ध्येयाच्या जास्तीत जास्त जवळचा टप्पा निवडतो. काही बिघडले तर मागची पायरी पुन्हा होते. नशिबाने काही आधीच साधले असेल तर मधल्या पायऱ्या गळतात.

आपल्याकडचा चाकरमानी हे रोज करतो. अंबरनाथहून निघून कल्याणला उतरायचे आणि मुंबईची फास्ट लोकल पकडायची, असे त्याचे ठरलेले असते. पण फलाटावर बदलापूर–सीएसएमटी फास्टच आली, तर केवळ ठरले होते म्हणून तो कल्याणला उतरत नाही.

प्रत्येक टप्प्यावर इतके तपासणे महाग पडेल, हा खर्चाचा आक्षेपही टिकत नाही. त्या शेडमध्ये पुढची पायरी कापण्याची होती, म्हणून प्रश्न एकच: चकात जॉब आहे का? जॉब असला की चकाचे जबडे अलीकडे थांबतात, नसला की शेवटपर्यंत आत जातात. जबडे अलीकडे थांबतात त्या जागी सेटरने एक प्रॉक्सिमिटी स्विच लावला आणि काउंटरची वायर ग्रिपरवरून काढून त्याला जोडली.