टेनिसमधील निषिद्ध औषधें आणि लंगडी तपासणी

टेनिस हा सभ्य लोकांचा खेळ, अशी समजूत फार दिवस रूढ होती. पांढरे कपडे, हिरवळ आणि पंचाचा निर्णय मुकाट्यानें मानण्याची रीत पाहून या खेळांत कोणी औषध घेऊन उतरत असेल, ही शंकाच कोणास येत नसे. शिवाय असाही युक्तिवाद होई कीं, सायकलशर्यतींत किंवा वजन उचलण्यांत नुसत्या बळाचें काम. टेनिसमध्यें हात, डोळा आणि डोकें यांचें काम, तेव्हां येथें औषधाचा उपयोग तो काय? हा युक्तिवाद फसवा आहे. पुरुषांचा पांच सेटांचा सामना चार चार तास चालतो, आणि मोठी स्पर्धा जिंकावयाची तर दोन आठवड्यांत असे सात सामने खेळावे लागतात. ज्याचें शरीर एका रात्रींत पुन्हा ताजें होतें त्याचें पारडें जड. निषिद्ध औषधांपैकीं कित्येकांचें काम नेमकें हेंच आहे.

१९९० सालापासून पुरुषांचा व्यावसायिक दौरा ए. टी. पी. ही संस्था चालवूं लागली. खेळाडू आणि स्पर्धांचे चालक या दोघांची मिळून ती झालेली. नामांकित खेळाडूंच्या नांवावर प्रेक्षक जमविणारी संस्था तीच आणि त्यांची झडती घेणारीही तीच, असा हा विचित्र योग होता. त्याचें फळ १९९७ सालीं दिसलें. आंद्रे आगासी याच्या तपासणींत मेथँफेटामिन हें मादक द्रव्य सापडलें. मदतनिसाच्या पेल्यांतील पेय चुकून पिण्यांत आलें, असें त्यानें पत्रानें कळविलें. संस्थेनें तें खरें मानून प्रकरण मिटविलें, व लोकांस त्याचा पत्ताही लागला नाहीं. बारा वर्षांनीं, २००९ सालीं, आगासीनेंच आत्मचरित्रांत लिहिलें कीं, तें पत्र खोटें होतें. एक खेळाडू खोटें बोलला ही गोष्ट लहान. त्या खोट्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटली नाहीं, ही मोठी.

पुढच्याच वर्षीं, १९९८ सालीं, ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा विजेता पेत्र कोर्दा याच्या विंबल्डन येथील नमुन्यांत नँड्रोलोन सांपडलें. त्याचें त्या स्पर्धेचें बक्षीस व गुण काढून घेण्यांत आले, पण खेळण्यास बंदी झाली नाहीं. आंतरराष्ट्रीय टेनिस संघानें अपील केलें, तेव्हां कोठें १९९९ सालीं क्रीडा लवाद न्यायालयानें एका वर्षाची बंदी घातली.

यानंतर जें घडलें त्यानें पहारेकऱ्यांचीच अब्रू गेली. बोहदान उलिराख या खेळाडूवर नँड्रोलोनबद्दल बंदी होती. ती २००३ सालीं रद्द झाली. कारण असें निघालें कीं, ए. टी. पी. च्याच प्रशिक्षकांनीं खेळाडूंना वांटलेल्या पूरक पदार्थांत भेसळ असण्याचा संभव होता. त्याच आधारावर आणखी सहा जण सुटले, आणि २००४ सालीं ग्रेग रुसेड्स्की हाही निर्दोष ठरला. चोर सोडून संन्याशाला फांशी, ही म्हण येथें थोडक्यांत खरी होतां होतां राहिली. दोषी कोण आणि निर्दोष कोण, हें सांगण्याची पात्रता मात्र संस्थेपाशीं उरली नाहीं. २००६ सालीं पुरुषांच्या दौऱ्याची तपासणी आंतरराष्ट्रीय टेनिस संघाकडे सोंपविण्यांत आली.

हात बदलले, पण जाळें विरळच राहिलें. वाढीचें संप्रेरक मूत्रांत सांपडत नाहीं. त्यासाठीं रक्तच तपासावें लागतें. शिवाय अशीं औषधें सरावाच्या दिवसांत घेतलीं जातात आणि स्पर्धेपूर्वीं शरीरांतून निघून जातात. म्हणून स्पर्धेबाहेर, अचानक, रक्त घेणें हाच खरा उपाय. असें असतां २०११ या सबंध वर्षांत टेनिस संघानें स्पर्धेबाहेर केलेल्या रक्तपरीक्षा अवघ्या २१ होत्या. २०१० सालीं वेन ओडेस्निक हा अमेरिकन खेळाडू याच संप्रेरकाच्या कुप्यांसह पकडला गेला, तो ऑस्ट्रेलियाच्या जकात अधिकाऱ्यांकडून. टेनिसच्या तपासणींतून नव्हे. २००६ सालीं स्पेनमध्यें डॉक्टर फुएंतेस याच्याकडे रक्ताच्या पिशव्या सांपडल्या, तेव्हां त्यानें आपल्या गिऱ्हाइकांत टेनिसपटूही असल्याचें सांगितलें. न्यायालयानें इतर खेळांतील नांवें वदवून घेतलीं नाहींत, आणि संशय तेवढा मागें राहिला.

२०१३ सालीं रक्ताच्या नोंदींची पद्धत टेनिसमध्यें आली. प्रत्येक खेळाडूच्या रक्ताचीं मापें वर्षानुवर्षें टिपून ठेवावयाचीं आणि त्यांत अस्वाभाविक फरक दिसतो कीं काय तें पाहावयाचें, अशी ती पद्धत आहे. २०२२ च्या आरंभीं हें काम आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेकडे गेलें. मात्र तिचा खर्च खेळाच्या चालक संस्थाच करितात. आतां परीक्षा इतकी सूक्ष्म झाली आहे कीं, २०२४ सालीं यानिक सिन्नर याच्या नमुन्यांत सांपडलेलें क्लोस्टेबोल दर मिलिलिटरला एका ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कमी होतें. मालिश करणाऱ्याच्या हातांतून तें आलें, हा खुलासा स्वीकारण्यांत आला. तरीही पुढें २०२५ सालीं तीन महिन्यांची बंदी झालीच. नमुने मार्चमधले, पण लोकांस बातमी कळली ती ऑगस्टमध्यें. उलट सिमोना हालेप हिचें प्रकरण २०२२ सालीं लगेच जाहीर झालें. तिला चार वर्षांची बंदी झाली. २०२४ सालीं लवाद न्यायालयानें ती नऊ महिन्यांवर आणली, पण तोंपर्यंत दीड वर्ष ती मैदानाबाहेर बसली होती. दोन्ही प्रकरणांतील पुरावा वेगळा, नियमांच्या वाटा वेगळ्या. परंतु सामान्य प्रेक्षकास दिसतो तो एवढाच फरक.

ढिल्या तपासणीचा लाभ लबाडास होतो, हें सर्वच जाणतात. तिचा मार प्रामाणिक खेळाडूसही बसतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. वर्षांत एकदांही ज्याचें रक्त कोणी तपासलें नाहीं, त्यानें आपण स्वच्छ असल्याचें सिद्ध तरी कसें करावें? ज्या दारावर पहाराच नाहीं, त्या दारानें चोरी झाली नाहीं, अशी ग्वाही कोणी देऊं शकत नाहीं. कुजबुजीला मग ऊत येतो, आणि घाम गाळून मिळविलेल्या विजयावरही तिची सावली पडते. कडक, वारंवार आणि सर्वांस सारखी अशी तपासणी हा खेळाडूंवरील अविश्वास नव्हे. त्यांच्या कीर्तीला मिळूं शकणारें तेंच एक संरक्षण आहे.