वास्तुशिक्षणातील संयुक्त विद्यार्थी-प्रकल्प

वास्तुकला, स्थापत्य, यंत्र व विद्युत् अभियांत्रिकी, कला इ. भिन्न शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या वास्तूचा अभिकल्प तयार करणे व शक्य तेथे ती प्रत्यक्ष उभारणे, या शिक्षणपद्धतीस ही संज्ञा लावता येईल.

मुंबईत तिची पूर्वपीठिका सर जे. जे. कलाशाळेत (स्था. १८५७) आढळते. एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बांधावयास घेतलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) पुष्कळसे अलंकरण या शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्यास संयुक्त अभिकल्प म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. इमारतीची मूळ कल्पना निश्चित झाल्यावर तिच्या सजावटीपुरताच विद्यार्थ्यांचा हात तिला लागला.

याच शाळेत १८९६ मध्ये आरेखकांचे वर्ग निघाले व १९०८ मध्ये वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आखण्यात आला. तोपर्यंत चित्रकार, शिल्पकार व आरेखक एकाच आवारात शिकत. १९५८ मध्ये वास्तुकला महाविद्यालय कलाशाळेपासून वेगळे झाले. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापनाही त्याच वर्षी झाली. तेथे अभियांत्रिकीच्या अनेक शाखा होत्या, परंतु वास्तुकलेची पदवी-शाखा नव्हती. परिणामी इमारत कल्पिणारा व तिची गणिते मांडणारा यांची गाठ बहुधा शिक्षण संपल्यावर, व्यवसायातच पडू लागली.

ही उणीव एका स्पर्धेच्या निमित्ताने उघड झाली. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘सोलर डेकॅथलॉन’ स्पर्धेत विद्यार्थ्यांना सौरऊर्जेवर चालणारे घर बांधून दाखवावे लागे व दहा कसोट्यांवर त्याचे परीक्षण होई. घरातील तापमान व आर्द्रता मोजत. कपडे धुणे, पाणी तापविणे, पाहुण्यांना जेवू घालणे हेही त्यात येई. केवळ देखणे आरेखन येथे निभावत नसे. २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे भरलेल्या तिच्या यूरोपीय आवृत्तीसाठी पवईच्या संस्थेने प्रभादेवीच्या रचना संसद या संस्थेच्या अकादमी ऑफ आर्किटेक्चरशी (स्था. १९५५) हातमिळवणी करून ‘टीम शून्य’ हा संघ उभा केला. भारतातून निवडला गेलेला हा पहिलाच संघ होय. २०१८ मध्ये चीनमधील डेजो येथील स्पर्धेतही या संघाने भाग घेतला.

अशा कामात भिंतीची जाडी, खिडकीची दिशा व छपराचा उतार हे निर्णय कोणा एकाचे राहत नाहीत. सौरपट्ट्यांना सोयीचा उतार वास्तुशिल्पज्ञाच्या आकृतीत बसेलच असे नाही. वाद होतो आणि तो विद्यार्थ्यांनाच मिटवावा लागतो. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीवकामात अशा वादास जागाच नव्हती.

उपनगरांतही या विचाराच्या खुणा दिसतात. बोरीवलीत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूल ऑफ एन्व्हायर्नमेंट अँड आर्किटेक्चर’ या संस्थेच्या नावातच पर्यावरणास वास्तुकलेच्या बरोबरीचे स्थान आहे. तथापि वास्तुकलेची व अभियांत्रिकीची महाविद्यालये स्वतंत्र, त्यांची वेळापत्रके निराळी व गुणदान वैयक्तिक असल्याने असे प्रकल्प बव्हंशी नियमित अभ्यासक्रमाबाहेर, स्पर्धांच्या आधारानेच चालतात.